बोलण्याचं बटण आणि ऐकण्याचे आकडे

नवा हँडहेल्ड रेडिओ हातात आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘यात चॅनल कोण भरून देईल?’ मग ओळखीतला कुणी जाणकार लॅपटॉप उघडतो, केबल जोडतो, स्वतःच्या संचातली सगळी यादी नव्या संचात चढवतो आणि पाच मिनिटांत रेडिओ बोलू लागतो. मदत मनापासून केलेली असते आणि नवख्याला आनंदही होतो. पण त्या यादीतला एकेक आकडा तिथे का आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पुढे कधीतरी रिपीटरचा टोन बदलतो, किंवा तो दुसऱ्या शहरात जातो, किंवा खिशात ठेवताना एखादं बटण दाबलं जातं आणि संच मुका होतो. तेव्हा हातातली वस्तू चालू आहे की बिघडली आहे, एवढंही त्याला ठरवता येत नाही.

हे पुस्तक त्या नवख्यासाठी आहे. हँडहेल्डमधले आकडे स्वतःच्या हातांनी, बटणं दाबून, प्रत्येकाचं कारण समजून भरता आले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. केबल आणि सॉफ्टवेअर त्यानंतर. ज्या दिवशी या संचाची खरी गरज पडेल, त्या दिवशी वीज नसेल, लॅपटॉप नसेल आणि तो जाणकारही जवळ नसेल.

अशा दिवसाची कल्पना करायला फार लांब जावं लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री लाखो मुंबईकरांच्या हातात मोबाइल होते आणि त्यातले कितीतरी निरुपयोगी झाले होते. मोबाइल हाही रेडिओच, पण तो एकटा काही करू शकत नाही. त्याला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते, त्यामागे केबलचं आणि संगणकांचं जाळं लागतं. हँडहेल्डचं तसं नाही. एका संचातून निघालेली लहर थेट दुसऱ्या संचात पोचते. मधे कुणी नसतं. म्हणून त्याची पोच मर्यादित आहे आणि म्हणूनच तो तुटक्या जाळ्यातही चालतो.

आज ज्याला आपण ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणतो, ते एके काळी हाताने बदलायच्या स्फटिकांचं काम होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने दोन संच वापरले. एक पाठीवर बांधायचा एससीआर-३००, ज्याला वॉकीटॉकी म्हणत, आणि दुसरा हातात धरायचा एससीआर-५३६, ज्याला हँडीटॉकी म्हणत. हातातल्या संचाला एकच चॅनल होतं. ते ठरायचं आतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकाने, कारण ठरावीक मापात कापलेला स्फटिक ठरावीक वारंवारतेनेच कंप पावतो. चॅनल बदलायचं तर संच उघडून स्फटिक बदलायचा. हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, हातात आलेले सुरुवातीचे एफएम संचही याच जातीचे होते. प्रत्येक चॅनलसाठी ऐकण्याचा एक आणि बोलण्याचा एक असे दोन स्फटिक विकत घ्यावे लागत. मग सिंथेसायझर आले. एकाच स्फटिकाच्या आधाराने हवी ती वारंवारता तयार करणारी ही मंडलं. १९८०च्या सुमाराचा आयकॉमचा आयसी-२एटी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याच्या माथ्यावरची बोटाने फिरवायची अंकांची चाकं आठवतील. त्यानंतर चाकं गेली, बटणं आली, स्मृती आली. आज बाओफेंगच्या यूव्ही-५आरसारख्या स्वस्त चिनी संचातही १२८ चॅनल मावतात. हा संच २०१२च्या सुमारास बाजारात आला आणि जगभरच्या नवख्या हॅमचा पहिला संच ठरला. या पुस्तकातली बहुतेक उदाहरणं त्याचीच आहेत. तो सर्वोत्तम आहे असा माझा दावा नाही, पण वाचकाच्या हातात तोच असण्याची शक्यता जास्त आहे.

आता आकड्यांकडे येऊ. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

पहिला आकडा वारंवारतेचा. भारतात हौशी रेडिओसाठी हँडहेल्डच्या कामाचे दोन पट्टे आहेत: १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. संच मात्र १३६ ते १७४ आणि ४००च्या पुढे बराच वर, असा ऐसपैस पसरलेला असतो. यंत्राला जमतं म्हणून आपल्याला तिथे बोलता येत नाही. १५६.८०० मेगाहर्ट्झ हे समुद्रावरचं सोळावं चॅनल. रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या मच्छीमाराची होडी संकटात सापडली तर त्याची हाक तिथे जाते आणि तटरक्षक दल ते सतत ऐकत असतं. गंमत म्हणून तिथे दाबलेलं बटण एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून पहिल्या प्रकरणात पट्ट्यांच्या सीमा आहेत आणि त्या पाठ कराव्यात असा माझा आग्रह आहे.

दुसरा आकडा ऑफसेटचा, आणि नवख्याची गाडी बहुधा इथेच अडते. रिपीटर म्हणजे डोंगरावर किंवा उंच इमारतीवर बसवलेला संच. तो आपला क्षीण आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी जास्त ताकदीने पुन्हा प्रक्षेपित करतो. गावाच्या चावडीसारखा तो सगळ्यांचा असतो. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि आपली पाळी आली की बोलायचं. पण ऐकणं आणि बोलणं एकाच क्षणी चाललेलं असताना दोन्ही एकाच वारंवारतेवर ठेवलं तर तो स्वतःच्याच आवाजाने बहिरा होईल. म्हणून दोन वारंवारता लागतात. दोन मीटरच्या, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्यांच्यात सहसा ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. समजा एखादा रिपीटर १४५.६०० वर बोलतो आणि १४५.००० वर ऐकतो. मग आपण १४५.६०० वर ऐकायचं आणि बटण दाबताच आपला संच १४५.००० वर उडी मारायला हवा. संचाला सांगायच्या गोष्टी दोन: किती उडी आणि कुठल्या दिशेने. यूव्ही-५आरमध्ये दिशा पंचविसाव्या मेनूत असते आणि अंतर सव्विसाव्यात.

तिसरा आकडा टोनचा. सीटीसीएसएस या अवजड नावाखाली एक साधी युक्ती आहे. आपण बोलत असताना आवाजाखाली एक मंद, अखंड सूर जात राहतो, ६७.० ते २५४.१ हर्ट्झमधला. संचातला गाळणीचा भाग तीनशे हर्ट्झच्या खालचं काढून टाकतो, त्यामुळे तो कानाला ऐकू येत नाही. रिपीटर मात्र तो शोधत असतो. योग्य सूर असेल तरच तो दार उघडतो. यामुळे दूरच्या गावातली भरकटलेली लहर किंवा एखाद्या उपकरणातली खरखर रिपीटर चालू करत नाही. टोनबद्दलचे दोन गैरसमज मला फार ठिकाणी भेटले. पहिला असा की टोन लावला म्हणजे आपलं बोलणं खासगी झालं. तसं अजिबात होत नाही. टोन न लावलेला प्रत्येक संच ते ऐकतो. दुसरा गैरसमज जास्त घातक आहे. नवखा माणूस ऐकण्याच्या बाजूलाही टोन लावून बसतो आणि मग समोरून त्या सुराशिवाय आलेली हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. माझा सल्ला असा की सुरुवातीला टोन फक्त बोलण्याच्या बाजूला, म्हणजे तेराव्या मेनूत लावा. अकरावा, म्हणजे ऐकण्याचा, बंद ठेवा. आपल्या संचाचे कान शक्य तितके उघडे असलेले बरे.

स्क्वेल्च (संदेश नसताना खरखर दाबून ठेवणारं दार), चॅनलची रुंदी आणि शक्ती यांवर पुस्तकात स्वतंत्र पानं आहेत. इथे एवढंच सांगतो की समोरच्याचा आवाज दबका किंवा फाटलेला येत असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी रुंद-अरुंदचा मेनू बघावा. दोघांपैकी एकाचा संच रुंदवर आणि दुसऱ्याचा अरुंदवर असतो, हे कारण वारंवार निघतं.

आता हे सगळं साठवायचं कसं? यूव्ही-५आरची एक खोड इथे सांगायलाच हवी, कारण त्याच्यासोबत येणाऱ्या पत्रकात ती नीट कळत नाही. बटणांनी रिपीटर साठवताना एकच चॅनल दोनदा साठवावं लागतं. पडद्यावरच्या वरच्या ओळीत, वारंवारतेच्या मोडमध्ये, आधी ऐकण्याची वारंवारता टाकायची, टोन लावायचा आणि सत्ताविसाव्या मेनूतून रिकाम्या चॅनलवर साठवायचं. मग बोलण्याची वारंवारता टाकायची आणि पुन्हा त्याच मेनूतून त्याच चॅनलवर साठवायचं. चॅनल आधीच भरलेलं असेल तर अठ्ठाविसाव्या मेनूतून ते पुसून घ्यायचं. एकदा हे केलं की चॅनल म्हणजे काय ते नेमकं कळतं: ऐकण्याची एक जागा, बोलण्याची एक जागा आणि दोघांना बांधणाऱ्या काही अटी. ही समज केबलने मिळत नाही.

केबलला माझा विरोध नाही. चर्प हे मोफत, मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर हॅम मंडळींनीच वाढवलं आहे, आणि शे-दीडशे संचांना आकडे भरायचे तर दुसरा मार्ग नाही. त्याचा तक्ता उघडला की प्रत्येक स्तंभ म्हणजे वर सांगितलेला एकेक आकडा आहे, हे लगेच ओळखू येईल. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. संच जोडल्यावर सर्वांत आधी त्यातली मूळ माहिती उतरवून जपून ठेवावी. आणि दुसऱ्या संचातून काढलेली फाइल सरसकट आपल्या संचात चढवू नये. एकाच नावाच्या संचांतही आतली आवृत्ती वेगळी असते. स्वस्त केबलींमध्ये नकली चिप असतात, त्यामुळे ड्रायव्हर अडतो. अशा वेळी संच खराब आहे असं समजून माणसं हताश होतात.

आकड्यांनंतर अंतर. ‘हा किती किलोमीटर जातो?’ या प्रश्नाला खोक्यावर छापलेलं उत्तर कधीच खरं नसतं. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, वातावरणामुळे किंचित वाकतात. आपण उभे आहोत त्या जागेची आसपासच्या सपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ने गुणा, क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळेल. मैदानात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडापाशी धरलेला संच दीड मीटरवर असतो, म्हणजे क्षितिज जेमतेम पाच किलोमीटर. तोच संच घेऊन सिंहगडावर गेलं, पुण्याच्या सपाटीपासून साधारण सातशे मीटर वर, की क्षितिज शंभर किलोमीटरच्या पुढे सरकतं. दोन गडांच्या माथ्यांवरून एक वॅट पुरतो. उलट, सह्याद्रीच्या एकाच घळीत डोंगराच्या दोन अंगांना असलेल्या माणसांना पाच वॅटही पुरत नाहीत. शक्ती वाढवण्यापेक्षा चार पावलं वर चढणं जास्त कामाचं, हे ट्रेकिंग करणाऱ्या मित्रांना मी नेहमी सांगतो.

तीच गोष्ट अँटेनाची. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दोन मीटरच्या आसपास, म्हणजे चतुर्थांश लहरीची अँटेना अर्धा मीटर हवी. संचासोबत येणारी रबरी अँटेना त्याहून पुष्कळ आखूड असते; खिशात मावावी म्हणून केलेली ती तडजोड आहे. लांब अँटेना लावली की फरक तिथल्या तिथे ऐकू येतो. संच उभा धरावा, आडवा नाही, कारण समोरच्याची अँटेनाही उभी असते. आणि अँटेना काढलेली असताना बटण कधीही दाबू नये. बाहेर न पडलेली शक्ती उलट फिरून आतला ट्रान्झिस्टर जाळू शकते.

बोलण्याची रीत मी मुद्दाम अंतराच्या नंतर ठेवली आहे. आधी ऐकावं, मग बटण दाबावं, मग क्षणभर थांबावं आणि मग बोलावं. तो क्षण टोन ओळखायला आणि रिपीटर जागा व्हायला लागतो; घाई करणाऱ्याची पहिली दोन अक्षरं हवेत विरतात आणि नेमकं त्याचं नावच ऐकू येत नाही. तोंड माइकपासून पाच-सात सेंटिमीटरवर, आवाज रोजच्या गप्पांचा. एफएममध्ये ओरडल्याने आवाज पोचत नाही, फाटतो. बोलण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी आपली कॉलसाइन सांगावी. भारतात सामान्य श्रेणीची कॉलसाइन व्हीयू२ने आणि मर्यादित श्रेणीची व्हीयू३ने सुरू होते. मराठीत खुशाल बोलावं, पण कॉलसाइनची अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशीच सांगावीत. खरखरीत ब आणि ड यांतला फरक कानाला कळत नाही. आणि दोघांच्या बोलण्यात दोन सेकंद मोकळे ठेवावेत. एखाद्याला तातडीचा निरोप द्यायचा असेल तर त्याला शिरायला तेवढीच फट असते. रिपीटरवर तासन्‌तास गप्पा मारणाऱ्या जुन्या मंडळींनीही ही फट सोडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

परवान्याचं प्रकरण कुणी वगळू नये. १९३३च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय संच जवळ बाळगण्यालाही मनाई केली आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत मंजुरीची अट ठेवली आहे. हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा देते. त्यासाठीची परीक्षा बारा वर्षांच्या मुलालाही देता येते, आणि मर्यादित श्रेणीला मोर्सची अट नाही. परीक्षा अवघड नाही. गणित शाळेतलं आहे, नियम वाचून समजणारे आहेत. ज्यांना फक्त सहलीत एकमेकांशी बोलायचं आहे, त्यांच्यासाठी २०१८च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त संचांना परवान्याविना खुला केला आहे. त्यांनी तसेच संच घ्यावेत. ऑनलाइन दुकानातून मागवलेला प्रत्येक संच त्या सवलतीत बसतोच असं नाही.

हा कायदा कोरडा वाटणाऱ्यांनी मुंबईचा १९४२चा इतिहास आठवावा. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने रद्द केले होते. ‘छोडो भारत’ची हाक आल्यावर उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ उभा केला. प्रक्षेपक बांधला नरिमन प्रिंटर यांनी. यंत्रसामग्रीसाठी शिकागो रेडिओच्या नानक मोटवानी यांची मदत झाली. २७ ऑगस्ट १९४२ला सुरू झालेलं हे केंद्र पोलिसांच्या शोधगाड्यांना चुकवत जागा बदलत राहिलं आणि १२ नोव्हेंबरला पकडलं गेलं. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्यात राहिल्या. हे केंद्र ४२.३४ मीटरवर चालत असे. हिशेब केला तर ती वारंवारता ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे आजच्या हॅमच्या चाळीस मीटर पट्ट्याच्या आत. ज्या पट्ट्यावर बोलल्याबद्दल आपल्याच शहरातल्या तरुणांना तुरुंगवास झाला, तिथे आज एक परीक्षा देऊन कुणालाही बोलता येतं. हे मला फार मोलाचं वाटतं. लपलेला प्रक्षेपक अँटेना फिरवून हुडकण्याची ती विद्या आता ‘फॉक्स हंट’ नावाच्या खेळात मुलं हँडहेल्ड घेऊन शिकतात.

संकटातल्या कामगिरीबद्दल बोलताना हॅम मंडळी कधी कधी हँडहेल्डला नको तेवढं श्रेय देतात. डिसेंबर २००४च्या त्सुनामीत भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. अंदमानात कित्येक वर्षांनी तशी परवानगी मिळाली होती. त्यांनी तिथून मुख्य भूमीशी संपर्क साधला तो मोठ्या अँटेनाच्या, लांब पल्ल्याच्या एचएफ संचांवरून. हँडहेल्डचं काम वेगळं असतं: छावणी ते रुग्णालय, पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिल्हाधिकारी कार्यालय ते बोट. दोन्ही लागतात. या पुस्तकात फक्त दुसरं आहे.

शेवटच्या प्रकरणातला एक सराव मात्र जमिनीवरचा नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हौशी रेडिओचा रिपीटर आहे. जुलै २०२५मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला तिथे होते, तेव्हा भारतातले विद्यार्थी त्यांच्याशी हौशी रेडिओवरूनच बोलले. स्थानकावरचा रिपीटर १४५.९९० वर ऐकतो, ६७.० हर्ट्झचा टोन मागतो आणि ४३७.८०० वर बोलतो. चारशे किलोमीटर उंचीवरून जाणारी वस्तू साध्या हँडहेल्डला ऐकू येते, कारण मधे डोंगर नाही. पण ती सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावते, त्यामुळे डॉप्लर परिणामाने वारंवारता सरकते: जवळ येताना साधारण दहा किलोहर्ट्झ वर, दूर जाताना तेवढीच खाली. म्हणून एकाच रिपीटरसाठी पाच चॅनल साठवायची. ऐकण्याची वारंवारता ४३७.८१०, मग ८०५, ८००, ७९५ आणि ७९०. बोलण्याची पाचही ठिकाणी १४५.९९०, टोन ६७.०. ऐकायची जागा एका पट्ट्यात आणि बोलायची दुसऱ्यात असल्यामुळे इथे ऑफसेटचा मेनू उपयोगाचा नाही. दोनदा साठवण्याची वर सांगितलेली रीतच लागते. स्थानक क्षितिजावर आल्यापासून मावळेपर्यंत फार तर दहा मिनिटं मिळतात. पहिल्या खेपेला नुसतं ऐकावं, आवाज फाटू लागला की पुढच्या चॅनलवर जावं, आणि स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवावा.